खोपोलीच्या वाटेवरचे कागद

कर्जतहून घाटाच्या दिशेने निघालं की पहिलं स्टेशन पळसदरी. इथे रूळ फुटतात. एक वाट ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला चढते. दुसरी केळवली, डोळवली, लौजी घेत खोपोलीला जाते. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. त्याआधी, 1856 पासून, मुंबईची गाडी खोपोलीपर्यंतच यायची आणि पुढचा घाट पालखीत, गाडीत नाहीतर पायी चढावा लागायचा. घाटातून थेट गाड्या धावू लागल्यावर खोपोलीचा फाटा आडवळणाचा झाला. त्याला पुढे काम दिलं ते कारखान्यांनी. 1915 मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झालं आणि लोणावळ्याच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. साठच्या दशकात फ्रान्सच्या युजिन कंपनीच्या सहकार्याने महिंद्र युजिनचा मिश्रपोलादाचा कारखाना आला. झेनिथचे पोलादी पाइप आले, नंतर उत्तम गॅल्वा आणि भूषण स्टील. मालक बदलले, पाट्या बदलल्या, पण खालापूर तालुक्याचं पोट आजही बऱ्याच अंशी पाळीवर चालतं.

या पाळीच्या माणसाचा दिवस कागदाने सुरू होतो. मागच्या पाळीचं लॉगबुक वाचायचं, जॉब कार्ड घ्यायचं, स्टोअर्समधून काही हवं असेल तर रिक्विझिशन फाडायची, वेल्डिंग करायचं असेल तर परमिट काढायचं, माल पुढच्या विभागात ढकलला की स्लिप लावायची, तपासणी झाली की आणखी एक. यातला कोणता कागद कामाचा आणि कोणता उगाच, हा प्रश्न या पट्ट्यातल्या प्रत्येक सुपरवायझरला पडलेला असतो. तो जगभरच्या कारखान्यांना किमान 140 वर्षं पडला आहे. त्यावर काय काय उपाय झाले आणि त्यातले कोणते टिकले, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो. लिहिण्याचा वेग वाढवून कारखान्यातला कागद कधीच कमी झाला नाही. ज्या मालावर काम चाललं आहे त्याच्याच अंगावर माहिती चढवली, किंवा ज्या प्रश्नासाठी कागद लागत होता तो प्रश्नच उरू दिला नाही, तेव्हाच तो कमी झाला.

कागद नव्हता तेव्हा काय होतं, तेही पाहायला हवं. मुंबईत कावसजी दावरांनी 1854 मध्ये गिरणी काढली, तेव्हापासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गिरणीचा खरा कारभार जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, डोक्यात होता. कोणत्या मागावर कोण, कोण आज आला नाही, त्याच्या जागी कोणाला घ्यायचं, कोणाचं सूत वारंवार तुटतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. ऑफिसात उत्पादनाचे वार आणि पौंड लिहिले जायचे, पण ते कसे निघाले हे जॉबरशिवाय कोणी सांगू शकत नसे. कागदाविना चालणारं उत्पादन-नियंत्रण म्हणजे हेच. ते स्वस्त होतं, लवचीक होतं आणि कामगारासाठी अन्यायाचं होतं. गिरणीच्या दारात रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला आत घ्यायचं की नाही, हे जॉबरच्या मर्जीवर. त्या मर्जीची किंमत दस्तुरी, म्हणजे लाच, म्हणून मोजावी लागे.

1928 च्या मोठ्या संपानंतर आणि कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालानंतर या मर्जीला आवर घालण्याची भाषा सुरू झाली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने 1935 मध्ये बदली नियंत्रणाची पद्धत आणली. ठरावीक माणसांना बदली कार्ड द्यायचं आणि रोज सकाळी रिकाम्या जागा त्या कार्डवाल्यांमधूनच भरायच्या. पद्धत सगळीकडे सारखी पाळली गेली नाही, जॉबरचं वजनही एका रात्रीत उतरलं नाही. तरी एक गोष्ट पक्की झाली. आपण इतके महिने दारात उभे आहोत याचा पुरावा कामगाराच्या खिशात आला. पुढच्याच वर्षी वेतन अदायगी कायदा आला आणि पगारातून काय कापलं, का कापलं, याची नोंद ठेवणं मालकाला भाग पडलं. कागद कमी करण्याच्या उत्साहात आपण हा इतिहास विसरतो. काही कागद दुबळ्या माणसाच्या बाजूने जन्माला आले आहेत. ते वाचवले पाहिजेत.

आता दुसरी बाजू. उत्पादनासाठी पद्धतशीर कागद वापरण्याचा सुरुवातीचा एक मोठा प्रयत्न कागद कमी करण्यासाठीच झाला होता. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये काम केलेला अमेरिकी सैन्यातला कॅप्टन हेन्री मेटकाफ याने 1885 मध्ये कारखान्यांच्या खर्चावर आणि कारभारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचं दुखणं आजच्या कोणत्याही वर्कशॉपला ओळखीचं वाटेल. ऑर्डर तोंडी यायची, फोरमन ती आपल्या वहीत टिपायचा, सामान दुसऱ्या वहीत, मजुरी तिसऱ्या. काम संपल्यावर त्याला खरोखर किती लागलं हे शोधायचं तर सगळ्या वह्या उलटायच्या, आणि तरीही ताळमेळ बसायचा नाही. बांधलेल्या वहीची अडचण अशी की तिच्यातल्या नोंदी ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने कायम राहतात. मेटकाफने वही सोडली. प्रत्येक ऑर्डरला एक क्रमांक आणि प्रत्येक कामाची, प्रत्येक सामानाची नोंद स्वतंत्र कार्डावर, त्या क्रमांकासह. कार्डं पत्त्यांसारखी पिसता येतात. ऑर्डरनुसार लावली की खर्च कळतो, माणसानुसार लावली की मजुरी कळते, सामानानुसार लावली की स्टोअर्सचा हिशेब. एकच नोंद तीनदा उपयोगी. आज आपण ज्याला जॉब नंबर म्हणतो त्याची मुळं इथे आहेत.

ही कल्पना इतकी चांगली होती की तिचाच पूर आला. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलरने 1903 च्या ‘शॉप मॅनेजमेंट’मध्ये कारखान्याचा मेंदू शॉप फ्लोअरवरून उचलून प्लॅनिंगच्या खोलीत नेला. एका फोरमनच्या जागी त्याला आठ हवे होते, आणि त्यातले चार खोलीतच बसणारे: कामाचा मार्ग ठरवणारा, सूचना-कार्डं लिहिणारा, वेळ-खर्च मांडणारा आणि शिस्त पाहणारा. हे लोक प्रत्यक्ष काही बनवत नाहीत, या आक्षेपाला त्याने पुस्तकातच उत्तर दिलं आहे. त्याचं म्हणणं, त्यांच्यामुळे बनवणारे जास्त बनवतात. काही ठिकाणी ते खरंही ठरलं. पण जे ज्ञान कारागिराच्या हातात होतं ते आधी खोलीत न्यायचं आणि मग कागदावर उतरवून त्यालाच परत द्यायचं, असा हा फेरा होता. 1911 मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन आर्सेनलच्या मोल्डरांनी स्टॉपवॉच पाहून हत्यारं खाली ठेवली. त्यांचा राग घड्याळावर होता तितकाच, आपलं काम आपल्यालाच कोणीतरी लिहून देणार, यावरही असावा.

आकडा करून पाहिला की पूर कसा येतो ते समजतं. समजा, एका मध्यम मशीनशॉपमध्ये 50 ऑर्डरी चालू आहेत आणि प्रत्येकीवर आठ प्रक्रिया आहेत. प्रत्येक प्रक्रियेला एक जॉब कार्ड धरलं तर 400 कार्डं. प्रत्येक प्रक्रियेनंतर मालासोबत एक मूव्ह स्लिप आणि एक तपासणी स्लिप धरली तर आणखी 800. रूट कार्डं, रिक्विझिशन, टूल क्रिबच्या चिठ्ठ्या वेगळ्याच. या सगळ्यांवर ऑर्डर नंबर, ड्रॉइंग नंबर, नग आणि तारीख हेच चार तपशील पुनःपुन्हा हाताने उतरवायचे. आठचा तीन वाचला गेला की भलत्याच मापाचा माल तयार. मग एक नवा माणूस नेमावा लागतो. आपल्याकडच्या पीपीसी, म्हणजे उत्पादन नियोजन आणि नियंत्रण, विभागांत त्याला प्रोग्रेस चेझर म्हणतात. कागदाप्रमाणे माल कुठे असायला हवा आणि प्रत्यक्षात कुठे पडला आहे, हे फिरून शोधणं हे त्याचं काम. कागद माल शोधून देत नव्हता म्हणून माणूस लागला, आणि त्या माणसाला रिपोर्ट भरायला पुन्हा कागद लागला.

या पुराला यंत्रांनी उत्तर देण्याचा काळ साधारण पहिल्या महायुद्धापासून सुरू होतो. स्टोअर्समध्ये कार्डेक्स आलं. कप्प्यात एकावर एक सरकवलेली कार्डं, प्रत्येकाची कड दिसणारी, त्यामुळे बोट फिरवून हवं ते कार्ड काढता येतं. आपल्या जुन्या स्टोअरकीपरांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. जर्मनीत 1923 नंतर स्पिरिट डुप्लिकेटर पसरला. ऑर्डरचा मजकूर एका मास्टरवर एकदाच लिहायचा आणि त्यातली हवी ती ओळ घेऊन रूट कार्ड, जॉब कार्ड, सामानाची चिठ्ठी सगळं छापून काढायचं. उतरवण्याच्या चुका यामुळे खरंच थांबल्या, आणि हा लाभ लहान नव्हता. हॉलरिथची पंच कार्डं 1890 च्या अमेरिकन जनगणनेसाठी बनली आणि तिथून रेल्वे, विमा, कारखाने असा प्रवास करत आली. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना 1968 मधली. तिच्या सुरुवातीच्या कामांत टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यासाठी पंच कार्डांवर हिशेब करून देणं होतं. अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी याच सुमारास सामानाची गरज संगणकाने काढायची पद्धत बसवत होता. आज खोपोलीच्या मोठ्या कारखान्यांतल्या पडद्यांवर जे ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, दिसतं ते तिचंच पुढचं रूप.

या साठ-सत्तर वर्षांविषयी व्यवस्थापनाची पुस्तकं फार कौतुकाने बोलतात. मला ते कौतुक पूर्ण पटत नाही. कार्डेक्सने शोधणं सोपं केलं, डुप्लिकेटरने उतरवणं, पंच कार्डाने बेरीज. यातल्या एकानेही, ही नोंद मुळात हवी कशाला, असं विचारलं नाही. छापणं फुकटात पडू लागलं की प्रती वाढतात. पाच विभागांना प्रत जाऊ लागली की पाचही विभाग ती फाईलला लावतात, आणि पुढे ऑडिटमध्ये ती फाईल मागितली जाते.

नोंद मुळात हवी कशाला, हा प्रश्न आधी विचारला तो रेल्वेने, आणि म्हणून पळसदरीच्या फाट्याकडे परत यायला हवं. खोपोलीच्या वाटेसारख्या एकाच रुळावर दोन्ही दिशांनी गाड्या चालवायच्या असतील तर एका वेळी एकच गाडी आत जाईल याची हमी लागते. सुरुवातीच्या काळात ही हमी तारेने आणि लेखी हुकमाने दिली जायची. 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळच्या थॉर्पला तिचं काय होऊ शकतं ते दिसलं. गाडी सोडायला सांगणारा तारेचा मजकूर सही न होताच पाठवला गेला आणि दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायर याने 1878 मध्ये जे यंत्र काढलं त्यात हुकूम ही वस्तू झाली. दोन स्टेशनांवर विजेने जोडलेली दोन यंत्रं आणि त्यांत धातूच्या चकत्या. पलीकडच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय चकती निघत नाही. एक बाहेर असेपर्यंत, ती कोणत्याही एका टोकाला परत यंत्रात जाईपर्यंत, दुसरी निघत नाही. चकती हातात असेल तरच ड्रायव्हरने पुढे जायचं.

भारतातल्या एकेरी मार्गांवर याच कुळातलं नीलचं बॉल टोकन यंत्र पिढ्यान्‌पिढ्या चाललं. धातूचा गोळा, तो ठेवायला चामड्याची पिशवी, पिशवीला मोठं कडं. गाडी न थांबता स्टेशनातून जाताना ते कडं हातात अडकवून घेणारा ड्रायव्हर आणि फलाटावर कडं उंच धरून उभा असलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गोळ्यावर काही लिहायचं नसतं. सही नको, प्रत नको, फाईल नको. गोळा आहे किंवा नाही, एवढीच माहिती, आणि तेवढीच पुरेशी. यंत्र बिघडलं की मगच कागद बाहेर येतो. त्याला रेल्वेत पेपर लाईन क्लिअर म्हणतात, आणि त्या वेळी लागणारी सावधगिरी पाहिली की लेखी हुकूम किती नाजूक असतो ते कळतं.

कारखान्यांना हीच गोष्ट उमगायला आणखी सत्तर-एक वर्षं लागली. टोयोटाच्या ताइइची ओनो याने पन्नाशीच्या दशकात मशीनशॉपमध्ये आणि 1962 च्या सुमारास सगळ्या कंपनीत कानबान बसवलं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटविषयी ऐकून त्याला ते सुचलं. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच दुकान पुन्हा भरतं. कानबान म्हणजे भागाचा क्रमांक, पेटीत किती नग, कुठून कुठे जायचं, एवढंच लिहिलेलं कार्ड. पेटी उघडली की कार्ड मागच्या विभागाकडे परत जातं आणि त्याच क्षणी तो बनवण्याचा हुकूम ठरतो. कार्ड नाही तर बनवायचं नाही. पुन्हा तेच कार्ड, पुन्हा तोच फेरा, नव्याने काही लिहिणं नाही. चालू मालावर मर्यादा घालायची तर कार्डांची संख्या कमी करायची. रेल्वेच्या गोळ्याशी याचं नातं उघड आहे. दोन्हीकडे परवानगी ही मोजून ठेवलेली वस्तू आहे. ती संपली की काम आपोआप थांबतं. आठवड्याला प्लॅनिंगचा रिपोर्ट, शिल्लक मालाचा रिपोर्ट, उशिराचा रिपोर्ट, यांतले कितीतरी रिपोर्ट अशा पद्धतीत निरर्थक होतात, कारण त्यांनी जे विचारायचं ते रिकाम्या पेट्या आधीच सांगत असतात.

कानबानचा गवगवा झाल्यावर ते सगळीकडे चिकटवण्याची लाट आपल्याकडेही येऊन गेली. खोपोलीसारख्या ठिकाणी तिला मर्यादा आहेत. मोटारीचा एकच भाग दिवसाला हजारोंनी लागतो तिथे ते चालतं. विशेष पोलादाची ऑर्डर मात्र पाच टन एका ग्रेडची, वीस टन दुसऱ्या, आणि ती पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही, अशी असते. तिथे कार्ड फिरवून काही साधत नाही. पण त्याच कारखान्याच्या स्टोअर्समध्ये, वेल्डिंगच्या रॉडसाठी, हातमोज्यांसाठी, नट-बोल्टसाठी, दोन पेट्यांची साधी पद्धत बेलाशक लावावी. पुढची पेटी संपली की मागची पुढे ओढायची आणि रिकामी पेटी हीच मागणी. हातमोज्यांच्या एका जोडीसाठी तीन सह्यांची रिक्विझिशन मागणारी स्टोअर्स मी पाहिली आहेत. त्या सह्या गोळा करण्यात जाणाऱ्या वेळेची किंमत हातमोज्यांहून जास्त असते.

पोलादाचं म्हणाल तर तिथे याहून जुना आणि सुंदर उपाय आहे. तो म्हणजे हीट नंबर. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून, लेडलमध्ये शुद्ध करून एका वेळी जो रस ओतला जातो त्याला हीट म्हणतात. ओतण्याआधी रसाचा छोटा नमुना काढून स्पेक्ट्रोमीटरवर जातो. कार्बन किती, क्रोमियम किती, गंधक किती, हे काही मिनिटांत येतं. त्या हीटला एक क्रमांक मिळतो आणि मग त्या रसापासून निघालेल्या प्रत्येक बिलेटच्या, म्हणजे पोलादाच्या लांबट ठोकळ्याच्या, तोंडावर तो क्रमांक पोलादी पंचाने ठोकला जातो, ग्रेड ओळखायला टोकाला रंगाचा पट्टाही मारतात. लॉगशीटमध्ये भट्टी किती वेळ चालली, किती तापमानाला ओतलं, काय काय घातलं, हे सगळं एकदाच लिहिलेलं असतं. बिलेट पुढे रोलिंगला, हीट ट्रीटमेंटला, पीलिंगला, अल्ट्रासोनिक तपासणीला जातं. प्रत्येक ठिकाणी त्या सगळ्या गोष्टी पुन्हा लिहायची गरज नसते. तोंडावरचा नंबर वाचला की मागचं सगळं सापडतं. शेवटी गिऱ्हाइकाला जी टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, जाते ती याच नंबराच्या आधाराने. क्रँकशाफ्ट बनवणारा फोर्जवाला पाच वर्षांनी तुटलेला तुकडा घेऊन आला तरी धागा परत भट्टीपर्यंत लावता येतो.

हे चालण्यासाठी एक शिस्त लागते, आणि ती शिस्त कागदावर नसून हातात असते. बिलेटचे करवतीवर दोन तुकडे करायचे असतील तर नंबर एकाच टोकाला असतो. कापण्याआधी तो दुसऱ्या टोकावरही ठोकायचा, मगच करवत चालवायची. आधी कापलं आणि नंतर ठोकू म्हटलं, की संध्याकाळच्या गडबडीत एक बेवारस तुकडा उरतो. सगळी पोलादं दिसायला सारखीच. मग ठिणग्या पाहून, नमुना काढून, पुन्हा तपासणी करून तो कुठल्या हीटचा ते शोधायचं, नाहीतर सरळ भंगारात टाकायचा. एका चुकलेल्या ठोक्यासाठी पुढे दहा कागद लिहावे लागतात. ज्या कारखान्यात करवतीवरचा माणूस नंबर ट्रान्सफर न चुकता करतो तिथल्या क्वालिटी विभागाचं टेबल तुलनेने रिकामं असतं. त्या माणसाला पदवी नसते, पण कागद कमी करण्यात त्याचा वाटा कोणत्याही सॉफ्टवेअरहून मोठा आहे.

आतापर्यंत बोललो ते कारखान्याच्या स्वतःच्या कागदाविषयी. आपल्याकडे त्यावर सरकारी कागदाचा थर चढतो, आणि तो उत्पादन-नियंत्रणाच्या अगदी आत शिरलेला होता. केंद्रीय उत्पादन शुल्काचा कर मालावर कारखान्याच्या दारातच लागायचा. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक माल अबकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीच बाहेर पडे. 1968-69 मध्ये मालकाने स्वतः शुल्क मोजून माल काढण्याची पद्धत आली, पण तिच्यासोबत रजिस्टरं आली. आरजी-1 मध्ये रोज किती माल तयार झाला, किती गेला, किती उरला. आरजी-23 मध्ये कच्च्या मालावरच्या सवलतीचा हिशेब. माल निघताना जीपी-1 गेटपास, त्याच्या प्रती वेगवेगळ्या हातांत. कारखान्याचं स्वतःचं उत्पादन रजिस्टर असायचंच. त्यामुळे एकच टन पोलाद दोन वेगळ्या पुस्तकांत, दोन वेगळ्या माणसांच्या अक्षरांत उतरायचं, आणि आकडा जुळला नाही की खुलासा द्यायचा. 1994 मध्ये गेटपास गेला आणि कारखान्याचं स्वतःचं इन्व्हॉइस चालू लागलं. 2000 साली सरकारने ठरवून दिलेली रजिस्टरं रद्द होऊन कंपनीची स्वतःची दप्तरंच ग्राह्य धरली गेली. माझ्या मते भारतीय कारखान्यांच्या कागद-कपातीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिची दखल फारच थोडी घेतली गेली. जी नोंद कारखाना स्वतःच्या गरजेने ठेवतोच तीच आम्हाला चालेल, असं सरकारने म्हणणं, यापेक्षा मोठी कपात दुसरी नाही.

कामगार कायद्यांत हेच उशिरा झालं. फेब्रुवारी 2017 च्या नियमांनी वेगवेगळ्या केंद्रीय कामगार कायद्यांखालची 56 रजिस्टरं पाचांवर आणली. जीएसटी त्याच वर्षी जुलैत आला आणि 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं. कराच्या चेकनाक्यांवर ट्रक ताटकळायचे ते बरंच कमी झालं. गुणवत्तेच्या कागदाचंही असंच. आयएसओ 9001 ची 1987 ची आवृत्ती लेखी कार्यपद्धतींवर भर देणारी होती, 2000 मध्ये सक्तीच्या कार्यपद्धती सहावर आल्या, 2015 मध्ये क्वालिटी मॅन्युअलची सक्तीसुद्धा गेली. तरी कित्येक छोट्या कारखान्यांच्या कपाटात ते जाडजूड मॅन्युअल आहे, आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी त्यावरची धूळ पुसली जाते. सक्ती गेली तरी सवय जात नाही.

एका ठिकाणी मात्र कपातीचा हात थांबला पाहिजे. खालापूर, रसायनी, पाताळगंगेच्या पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. तिथल्या परमिटला उगाचची कटकट म्हणणाऱ्यांनी 6 जुलै 1988 ची रात्र वाचावी. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्या पंपाच्या दुरुस्तीचं एक परमिट आणि व्हॉल्व्हचं दुसरं, वेगळं. पाळी बदलली. रात्रपाळीला पंपाचं परमिट ठाऊक होतं, व्हॉल्व्हचं नव्हतं. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. 167 माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशीतून परमिट कमी करा असा धडा निघाला नाही, आणि वाढवा असाही नाही. एकमेकांवर अवलंबून असलेली कामं एकमेकांना दिसली पाहिजेत आणि पाळी बदलताना तोंडाने सांगितली गेली पाहिजेत, हा धडा होता. इथेही हीट नंबरचीच रीत कामाला येते. काढलेल्या व्हॉल्व्हच्या जागी, त्या पंपाच्या स्विचवरच, कुलूप आणि टॅग लटकत असेल, तर फाईलमधला कागद हरवला तरी हात थांबतो. परमिट राहू द्या, पण ते यंत्राच्या अंगावरही असू द्या.

आज हा प्रश्न नव्या वेशात आला आहे. सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या, साजगाव-ढेकूच्या बाजूच्या लहान शेडमध्ये संगणक पोचला आहे, पण बहुतेक ठिकाणी तो कागदाच्या जोडीने चालतो. ऑपरेटर लॉगशीट हाताने भरतो, सुपरवायझर तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, ऑफिसातली मुलगी ती एक्सेलमध्ये चढवते, महिन्याच्या शेवटी ती ईआरपीत जाते. एक नोंद चार वेळा. पंच कार्डांच्या काळातली चूकच आहे ही, फक्त कागद पांढऱ्याऐवजी चमकता झाला आहे. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये याच्या अगदी उलट एक दृश्य सर्रास दिसतं. प्लेटवर खडूने लिहिलेला जॉब नंबर, माप आणि बाण. कापणारा, वेल्डर आणि ग्राइंडर तिघेही तेवढंच वाचून काम करतात आणि सहसा चुकत नाहीत. आपल्या कारागिरांना ही रीत शिकवावी लागलेली नाही. खडू पावसाने पुसतो हे खरं, पण मग पेंट मार्कर द्या, पंच द्या. त्या तिघांच्या हातात चार पानांचा फॉर्म देऊ नका.

खालापूर-कर्जतच्या कारखानदारांना आणि पाळी सांभाळणाऱ्या सुपरवायझरांना माझं एक सांगणं आहे. या महिन्यात पूर्ण झालेली कोणतीही एक ऑर्डर घ्या. तिच्यासाठी लिहिला गेलेला प्रत्येक कागद, प्रत्येक रजिस्टरची ओळ, व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रत्येक फोटो टेबलावर मांडा. मशीनवरच्या माणसांना बोलवा आणि प्रत्येक कागदावर लिहायला सांगा, हा कोण वाचतं आणि वाचून काय करतं. कामगाराची हजेरी आणि पगार सिद्ध करणारा, मालाचा उगम सांगणारा आणि जिवाची हमी देणारा कागद बाजूला काढून जपून ठेवा. ज्यावर कोणाचंच नाव येणार नाही तो पुढच्या पाळीपासून बंद करा.